सोयाबीन बियाण्याचा अंदाज दुकानात बसून बांधता येत नाही

तुमचा प्रश्न नीट वाचला. वाशीम जिल्ह्यात कृषी सेवा केंद्र टाकून तुमचे दोन खरीप झाले. पहिल्या वर्षी ऐन पेरणीत हवं ते सोयाबीन संपलं आणि गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात गेलं. म्हणून दुसऱ्या वर्षी भरपूर बुकिंग केलं, तर हंगाम सरला तरी थप्पी तशीच. आता कंपनीचा माणूस मोठं टार्गेट घेऊन समोर बसलाय. तुम्ही विचारताय, यंदा आकडा किती टाकू आणि गेलेलं गिऱ्हाईक परत कसं आणू.

लातूरकडे मी हाच धंदा बरीच वर्षं केला, आता मुलगा बघतो. मला तुमचे हे दोन प्रश्न वेगळे वाटत नाहीत. यंदा कोणत्या तुकड्यात काय पेरायचं हे शेतकऱ्याच्या डोक्यात उन्हाळ्यातच घोळत असतं. ज्या दुकानदारावर भरवसा आहे त्याच्यापाशी तो ते मोकळेपणाने बोलतो, बाकीच्यांना ‘बघू’ म्हणतो. तुमच्याकडे सगळेच ‘बघू’ म्हणत असतील तर कुठलंही सॉफ्टवेअर तुम्हाला नीट आकडा काढून देणार नाही.

आधी गेल्या वर्षीच्या विक्रीबद्दल. बहुतेक जण ती काढतात आणि त्यात दहा-पंधरा टक्के वाढवतात. पण तो आकडा विकल्या गेलेल्या मालाचा असतो, मागणीचा नसतो. पहिल्या वर्षी जे गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत गेलं ते तुमच्या बिलबुकात कुठेच नाही. उलट जो माल युरियासोबत गळ्यात मारला गेला तो बिलबुकात विक्री म्हणून दिसतो, आणि तो कुणालाच नको होता. म्हणून गल्ल्याशेजारी एक साधी वही ठेवा. कोणी कोणतं वाण मागितलं आणि आपल्याकडे नव्हतं, गाव कोणतं, किती एकरासाठी, एवढंच त्यात लिहायचं. काउंटरवरच्या पोराला पहिल्या दिवसापासून ही सवय लावा. एका हंगामात ही वही विक्रीच्या रिपोर्टपेक्षा जास्त सांगते.

सोयाबीनचं गणित कपाशीपेक्षा वेगळं आहे. बीटी कपाशीची पाकिटं शेतकऱ्याला दरवर्षी विकतच घ्यावी लागतात. सोयाबीन सरळ वाण आहे, म्हणजे संकरित नाही, त्यामुळे घरचं बियाणं दोन-तीन वर्षं वापरता येतं, आणि कृषी विभागही तेच सांगतो. म्हणजे तुमची विक्री गावात सोयाबीन किती एकर आहे यावर कमी आणि किती घरांत पेरणीजोगं बियाणं शिल्लक आहे यावर जास्त ठरते. हे कळायचं कसं? त्यावर माझा एकच उपाय आहे आणि माझ्या लेखी तो सगळ्यात मोलाचा आहे: एप्रिल-मे महिन्यात दुकानात घरच्या बियाण्याची उगवण फुकट तपासून द्या.

पद्धत तुम्हाला माहीत असेल, तरी नीट लिहितो, कारण ती शेतकऱ्याच्या डोळ्यांदेखत करण्यातच सगळं आहे. गोणपाटाचा चौकोनी तुकडा पाण्यात भिजवून निथळायचा. पोत्यात वर-मध्ये-खाली हात घालून आणलेल्या बियांतून निवड न करता शंभर दाणे मोजायचे. निवडलेले टपोरे दाणे घेतले की चाचणी खोटी ठरते. दहा-दहाच्या दहा ओळी, दाण्यात बोटभर अंतर, वरून दुसरा ओला तुकडा, मग सगळ्याची सैल गुंडाळी. सुतळीला चिठ्ठी बांधायची: नाव, गाव, वाण, घरात किती किलो, किती एकर पेरायचं. सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडायचं. सहा-सात दिवसांनी शेतकऱ्याला बोलवायचं आणि गुंडाळी त्याच्याच हाताने उघडू द्यायची. सरळ, धडधाकट कोंब तेवढे मोजायचे. वाकडा, कुजका, अर्धवट फुटलेला कोंब मोजायचा नाही.

सत्तरच्या वर आले तर सरळ सांगा: एकरी ३० किलो पेरा, विकतची बॅग घेऊ नका. साठ आले तर ३५ किलो लागेल, कारण तीस गुणिले सत्तर भागिले साठ. पन्नासच्या आसपास असेल तर ते धान्य म्हणून विका आणि बियाणं विकत घ्या.

तुम्ही म्हणाल, यात माझी विक्री गेली. काही बॅगा जातील खऱ्या. पण त्या सुतळीवरच्या चिठ्ठ्या एका वहीत उतरवून काढा आणि बघा हातात काय आलं: कोणत्या गावात कोणाकडे कोणतं वाण, किती किलो, किती टक्के उगवणीचं, आणि किती एकरांना बियाणं कमी पडतं. इतका खरा अंदाज तालुक्यात दुसऱ्या कोणाकडे नसतो. आणि ज्याला तुम्ही बॅग घेऊ नको म्हणालात तो माणूस बुरशीनाशक, जिवाणू संवर्धक, तणनाशक कुठून नेईल? तुमच्याच दुकानातून नेतो, आणि भावकीला घेऊन येतो.

ही चाचणी जिल्ह्याचं चित्रही आधी दाखवते. २०१९ च्या ऑक्टोबरात काढणीच्या वेळी पावसाने सोयाबीन भिजलं, आणि २०२० च्या खरिपात उगवलंच नाही म्हणून राज्यभर तक्रारींचा पाऊस पडला. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली होती. ज्यांनी मे महिन्यात गोणपाटं उघडून बघितली होती त्यांना हे जूनच्या आधी दिसलं. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टीने उभी पिकं पाण्यात गेली. अशा हंगामानंतर घरचं बियाणं कमी आणि विकतच्या बियाण्याला मागणी जास्त, हे ठरलेलं. पण त्याच वेळी कंपन्यांच्या बीजोत्पादनाचे प्लॉटही भिजलेले असतात. म्हणून माल जास्त मागवताना त्याच्या लॉटचीही, म्हणजे एका नंबराखाली आलेल्या बॅगांच्या गटाचीही, चाचणी करा. दारात गाडी आली की प्रत्येक लॉटमधून शंभर दाणे. सोयाबीनचं टरफल नाजूक असतं. हमालाने बॅग उंचावरून आपटली तरी उगवण खाली येते, थप्पी फार उंच लावली तरी येते. प्रमाणित बियाण्याला किमान ७० टक्के उगवण लागते. लेबलवर ती छापलेली असली तरी तुमच्या गोदामात आल्यानंतरची उगवण तुम्हीच जाणता.

आता आकडा टाकताना. गिऱ्हाइकांची यादी गावनिहाय करा आणि प्रत्येक नावापुढे तीनपैकी एक शब्द लिहा: नक्की, बहुतेक, बघू. ‘नक्की’ पूर्ण धरा, ‘बहुतेक’ अर्धे धरा, ‘बघू’ सोडून द्या. हिशेब किलोत करा, बॅगेत करू नका, कारण बॅगेचं वजन कंपनीगणिक बदलतं. यादीवर तारीख टाका आणि नंतर खाडाखोड करू नका. दिवाळीत ती प्रत्यक्ष विक्रीशेजारी ठेवा. कोणत्या गावात अंदाज चुकतो ते दिसेल, आणि बहुतेक वेळा ते गाव तुम्ही उन्हाळ्यात गेलाच नव्हता असं निघेल.

यात पावसाचा हिशेब वेगळा. २०२३ मध्ये मान्सून कोकणात अडकून पडला आणि मुंबईत पोचायला २५ जून उजाडला. २०२५ मध्ये तो २६ मे रोजीच मुंबईत आला आणि मग जूनच्या मध्यापर्यंत थबकला. एकाच वहीतली दोन वर्षं, पण मालाची गरज पूर्ण निराळी. पेरण्या उशिरा गेल्या की मूग-उडीद गळतात, त्यांची जागा सोयाबीन, तूर, मका घेतात. जुलै अर्धा उलटला की सोयाबीनही मागे पडतं. म्हणून सगळा माल एकदम उचलू नका. ‘नक्की’वाल्यांचा माल मे अखेरीस गोदामात असावा. बाकीचा पाऊस बघून, दुसऱ्या उचलीत. कीटकनाशकांचं तर आणखी सोपं आहे, आठ-पंधरा दिवसांपुरतंच आणा. अळी कधी येईल हे फेब्रुवारीत कोणी सांगू शकत नाही.

आणि गिऱ्हाइकाला घाई करायला लावू नका. पहिल्या सरीवर दुकानात गर्दी होते, तेव्हा ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका हे काउंटरवरून सांगण्याचं बळ ज्याच्यात आहे तो दुकानदार टिकतो. दुबार पेरणीत शेतकरी दुसऱ्यांदा बियाणं घेतो, पण तो पैसा उधारीचा असतो, आणि तो तुमच्याच वहीत अडकतो.

उधारीचा अंदाज हाही विक्रीचा अंदाजच आहे, आणि तो सगळे विसरतात. २०२४-२५ ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, पण बाजारात कित्येक महिने त्याहून बराच कमी भाव मिळाला. शेतकऱ्यांनी माल घरात ठेवला आणि दुकानांची वसुली रखडली. वसुली किती आणि कधी येईल हे धरल्याशिवाय बुकिंगचा आकडा टाकला तर माल येतो आणि बँकेचा हप्ता चुकतो.

फेब्रुवारी-मार्चचं आगाऊ बुकिंग, त्यावरची सूट, सहलीची स्कीम, या सगळ्याने तुमचा आकडा फुगतो. समजा बॅगेमागे २०० रुपये सुटतात आणि बॅग तुम्हाला ३,००० ला पडते. तर एक बॅग पडून राहिली की पंधरा बॅगांचा नफा गेला. हे गणित कंपनीच्या माणसासमोर कागदावर मांडा. तो वाईट माणूस नसतो, त्याच्यावर वरून दाब असतो. टार्गेट कमी करून मागण्यापेक्षा सेल्स रिटर्नची, म्हणजे न खपलेला माल कंपनीने परत घेण्याची, अट लेखी घ्या: किती टक्के माल, कोणत्या तारखेपर्यंत, वाहतूक कोणाची. ज्या कंपनीला हे लिहून द्यायचं नाही तिचा माल ‘नक्की’वाल्यांपुरताच.

लिंकिंगबद्दल, म्हणजे युरियासोबत दुसरा माल गळ्यात मारण्याबद्दल, मी कडवट बोलणार आहे. ४५ किलो युरियाची गोणी २६६ रुपये ५० पैशांना आहे हे शेतकऱ्याच्या मोबाईलवर आहे. तिच्यासोबत नको असलेली बाटली घ्यायला लावली की तो त्या दिवशी घेतो, कारण त्याला गरज असते, आणि पुढच्या वर्षी तुम्हाला खरं काही सांगत नाही. दुकानदारावरही हा माल वरून लादला जातो, हे मी भोगलं आहे. त्याची तक्रार कृषी विभागाकडे लेखी करा, तोटा सोसा, पण काउंटरवरून पुढे ढकलू नका.

बिल प्रत्येकाला, लॉट नंबरसकट, मागितलं नाही तरी. देताना सांगा की पिशवी, टॅग आणि मूठभर बियाणं पीक निघेपर्यंत जपून ठेवा. उगवण झाली नाही तर तालुका तक्रार निवारण समितीपुढे हेच लागतं. आणि तक्रार आली तर पंचनाम्याच्या दिवशी स्वतः बांधावर जा. आमच्याकडे एका शेतकऱ्याचं दोन एकर उगवलं नव्हतं. समितीसोबत मुलगा गेला, ओळीत माती उकरली, दाणे चार बोटं खाली गेलेले निघाले, म्हणजे पेरणी खोल झाली होती. दोष बियाण्याचा नव्हता, भरपाई मिळाली नाही. तरी त्या घराने दुकान बदललं नाही, कारण दुकानदार त्यांच्यासोबत उन्हात उभा होता.

शेजारच्या दुकानात गेलेल्यांना स्वस्त दराने ओढू नका. त्यांच्यापैकी ज्यांच्या घरी सोयाबीन आहे त्यांना मे महिन्यात शंभर दाणे घेऊन या म्हणावं, एवढंच.

राहिली ती पडून असलेली थप्पी. बियाण्याची मुदत चाचणीच्या तारखेपासून नऊ महिने असते आणि सोयाबीन दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत सहसा धड राहत नाही. ते कमी दरात, ओळखीत, बिलाशिवाय कोणालाही बियाणं म्हणून देऊ नका, चाचणीत साठ-पासष्ट दाणे उगवले तरीही. प्रक्रिया न केलेला माल असेल तर मोंढ्यात धान्याच्या भावाने काढा. औषध लावलेलं रंगीत बियाणं तेलगिरणीला किंवा जनावरांना जाता कामा नये. ते वेगळं रचून त्यावर ‘विक्रीसाठी नाही’ असा बोर्ड लावा, स्टॉक रजिस्टरला तशी नोंद करा आणि कंपनीला परत नेण्यासाठी लेखी पत्र द्या, पोच घेऊन.