ॲप काढलं तरी पैसे कापले जातात: १२ एप्रिलच्या आत काय करायचं

पाचोरा तालुक्यातल्या एका निवृत्त गुरुजींचं पत्र आलं आहे. ५ जानेवारी २०२४ ला मोबाइलवर मालिका-सिनेमांच्या एका ॲपची ‘१ रुपयात ७ दिवस’ अशी जाहिरात दिसली. त्यांनी यूपीआयचा पिन टाकून रुपया भरला आणि तीन दिवसांनी ॲप काढून टाकलं. १२ जानेवारीला खात्यातून ४९९ रुपये गेले, आणि तेव्हापासून दर तीन महिन्यांनी जात राहिले. आता पासबुक छापून घेतल्यावर नऊ नोंदी सापडल्या, एकूण ४,४९१ रुपये. कंपनीला ईमेल केला तर उत्तर आलं की आपोआप नूतनीकरणाची अट तुम्ही मान्य केली होती, पैसे परत मिळत नाहीत, वाद असेल तर बंगळूरच्या न्यायालयात या. शाखेत गेले तर ऐकायला मिळालं, “पिन तुम्हीच टाकलाय.” गुरुजी विचारतात: सगळे पैसे परत मिळतील का? बंगळूरला जावं लागेल का? आणि पुढे लिहितात, “मेसेज येत होते, पण बँकेचे इतके मेसेज येतात की मी उघडत नाही.”

अमळनेर, शिरपूर, शहादा इथूनही अशीच पत्रं येतात. ॲपचं नाव बदलतं, रक्कम बदलते, बाकी हकीकत तीच.

गुरुजी, कंपनी चुकली की नाही हा प्रश्न नंतरचा. आधी तारीख बघा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ६९ प्रमाणे तक्रारीला कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती ग्राहक आयोगात दाखल व्हावी लागते. कारण कधी घडलं? तुम्ही पासबुक छापलं तेव्हा नव्हे, पैसे कापले गेले तेव्हा. प्रत्येक कपात हे वेगळं कारण धरलं, तर १२ जानेवारी २०२४ ची पहिली कपात दोन महिन्यांपूर्वीच मुदतीबाहेर गेली. दुसरी १२ एप्रिल २०२४ ची. तिची मुदत १२ एप्रिल २०२६ ला संपते. म्हणजे हातात तीन आठवडेही नाहीत.

त्यातही ११ एप्रिल हा दुसरा शनिवार आणि १२ ला रविवार. शेवटचा दिवस सुट्टीचा आला तर पुढच्या कामाच्या दिवशी दाखल केलेलं चालतं, असं तुम्हाला कोणी सांगेल. पण आता तक्रार ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या सरकारी पोर्टलवर रविवारीसुद्धा दाखल करता येते. मग सुट्टीची सवलत मिळते का, या वादात ४९९ रुपयांसाठी कशाला पडायचं? शुक्रवार, १० एप्रिल हा तुमचा शेवटचा दिवस समजा. पोर्टलवर कागद अपुरे निघाले तर त्रुटी काढून परत येतात, म्हणून खरं तर ७ तारखेलाच दाखल करा.

तक्रारीचं कारण सतत चालू आहे, त्यामुळे नऊच्या नऊ कपाती मुदतीत धराव्यात, असा युक्तिवाद होऊ शकतो. तक्रारीत तो जरूर मांडा, पण त्याच्या भरवशावर बसू नका. पहिल्या कपातीसाठी कलम ६९(२) खाली विलंब माफीचा अर्ज करता येतो. त्यात पुरेसं कारण दाखवावं लागतं, आणि आयोगाला माफीची कारणं नोंदवावी लागतात. तुमच्याकडे कारण काय आहे? मेसेज आले, मी उघडले नाहीत. मला हे स्पष्ट सांगावं लागेल: या कारणावर विलंब माफ होणं अवघड आहे. केळीच्या गाडीची काटापावती चार-चार वर्षं जपणारी माणसं आपल्याकडे आहेत, आणि तीच माणसं खात्यातून पैसे गेल्याचा मेसेज न वाचता पुसून टाकतात. तिमाहीला एकदा जरी पासबुक छापलं असतं, तरी हा सगळा वाद ९९८ रुपयांत संपला असता.

मुदतीबद्दल दोन गैरसमज फार आहेत. पहिला, कंपनीशी पत्रव्यवहार चालू आहे तोवर मुदत वाढते. वाढत नाही. दुसरा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली म्हणजे आपण मुदतीत आलो. तेही खरं नाही. हेल्पलाइन मध्यस्थी करते, बरेचदा पैसे परतही मिळवून देते. तिथे तक्रार जरूर नोंदवा, पण तिच्यामुळे कलम ६९ ची मुदत थांबत नाही. ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायचं असतं. त्याला आजच ईमेल करा, पण तो महिना संपायची वाट बघाल तर १२ एप्रिल निघून जाईल. आयोगात जाण्याआधी वकिलाची नोटीस पाठवलीच पाहिजे, असंही कायदा म्हणत नाही.

१२ एप्रिलला आणखी एक गोष्ट होणार आहे. तुम्ही काही केलं नाही, तर त्याच दिवशी दहाव्यांदा ४९९ रुपये जातील. ॲप काढल्याने फक्त फोनमधली जागा मोकळी होते. रुपया भरताना तुम्ही पिन टाकून खात्यातून ठरावीक काळाने पैसे उचलायची परवानगी दिली होती. त्या परवानगीला ऑटोपे मँडेट म्हणतात आणि ते बँकेच्या यंत्रणेत जिवंत आहे. रक्कम १५,००० रुपयांपर्यंत असेल तर पुढच्या कपातींना पिन लागत नाही.

म्हणून ज्या यूपीआय ॲपमधून तो रुपया भरला, त्यातच जा. आपल्या नावाच्या किंवा फोटोच्या खुणेवर दाबलं की ऑटोपे हा विभाग सापडेल. चालू मँडेटच्या यादीत त्या सेवेचं नाव उघडा. रद्द करण्याआधी स्क्रीनशॉट घ्या: मँडेट क्रमांक, सुरू झाल्याची आणि संपण्याची तारीख, कमाल रक्कम, किती दिवसांनी कपात. मग रद्द करा, पिन टाका, रद्द झाल्याचाही स्क्रीनशॉट घ्या. इथे थांबू नका. वर्गणी प्ले स्टोअरमार्फत घेतली असेल, तर तिथे सबस्क्रिप्शनच्या यादीत जाऊन ती वेगळी बंद करावी लागते. मँडेट ही बँकेला दिलेली परवानगी आणि वर्गणी हा कंपनीशी केलेला व्यवहार, दोन्ही बंद झाले पाहिजेत. ऑटोपेच्या यादीत काहीच दिसलं नाही, तर शाखेत लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. तोंडी सांगून परत येऊ नका.

आता बँकेविषयी. “पिन तुम्हीच टाकलाय” हे शाखेचं उत्तर अर्धवट आहे. आपोआप होणाऱ्या कपातींसाठी रिझर्व्ह बँकेने २१ ऑगस्ट २०१९ च्या परिपत्रकाने कार्डांना नियम घातले आणि जानेवारी २०२० मध्ये ते यूपीआयला लागू केले. त्यानुसार प्रत्येक कपातीच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना जायला हवी. तीत कोणाला, किती, कधी हे असलं पाहिजे, आणि ती कपात किंवा अख्खी परवानगी नाकारायची सोयही असली पाहिजे. कपात झाल्यावरचा मेसेज वेगळा, हा आधीचा वेगळा. शाखेला लेखी विचारा: नऊ कपातींच्या प्रत्येक आगाऊ सूचनेची तारीख, वेळ आणि ती कोणत्या क्रमांकावर किंवा ॲपवर गेली, याची नोंद द्या. ३० दिवसांत समाधानकारक उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, तेही विनाशुल्क. फक्त एकाच मागणीसाठी लोकपाल आणि आयोग असे दोन्ही दरवाजे एकाच वेळी ठोठावू नका.

पण बँकेला सामनेवाला, म्हणजे तक्रारीतला विरुद्ध पक्ष, करण्याआधी स्वतःचा फोन तपासा. ११ एप्रिल, ११ जुलै, ११ ऑक्टोबर या तारखांच्या आसपासचे न उघडलेले मेसेज आणि यूपीआय ॲपमधल्या सूचना शोधा. त्या सापडल्या तर बँकेविरुद्धची बाजू जवळजवळ संपली. मग तिला गुंतवू नका, सगळा भर कंपनीवर ठेवा. सापडल्या नाहीत तर बँक सामनेवाला क्रमांक २. तक्रार शपथपत्रावर असते. मेसेज येत होते हे तुम्ही मला लिहिलंत, ते तिथेही खरं सांगावं लागेल.

कंपनीविरुद्ध तुमची बाजू मला बरी वाटते, खात्री मात्र देणार नाही. फसव्या मांडणीला, म्हणजे डार्क पॅटर्नला, आळा घालणारी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं ३० नोव्हेंबर २०२३ ला अधिसूचित झाली. तुमचा व्यवहार त्यानंतरचा आहे, हे तुमच्या फायद्याचं. फुकट वर्गणीसाठी खात्यातून कपातीची परवानगी द्यायला भाग पाडणं, रद्द करायची जागा लपवणं किंवा ती वाट किचकट करणं, हे त्यात ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’ म्हणून नोंदलं आहे. कंपनी म्हणेल, आमची योजना फुकट नव्हतीच, रुपया घेतला होता. त्यावर आयोग काय म्हणेल, हे आज सांगता येत नाही. अडचण अशी की ५ जानेवारीला स्क्रीनवर ४९९ चा आकडा कुठे आणि केवढ्या अक्षरात होता, याचा पुरावा तुमच्याकडे नाही. तो कंपनीकडे आहे. म्हणून तक्रारीसोबत वेगळा अर्ज द्या: त्या दिवशीची स्क्रीनची मांडणी, संमतीची नोंद आणि ८ जानेवारी २०२४ नंतर या खात्यावर काय-काय पाहिलं गेलं त्याची नोंद कंपनीने हजर करावी. ही शेवटची नोंद फार मोलाची आहे. सव्वादोन वर्षांत एकही मालिका पाहिली गेली नसेल, तर कंपनीला उत्तर देणं जड जाईल. पण त्याआधी घरात विचारा. नातवाने त्याच क्रमांकाने टीव्हीवर लॉगिन केलेलं असेल, तर तीच नोंद तुमच्यावर उलटेल.

बंगळूरची काळजी सोडा. कलम ३४(२)(ड) प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार चालते, म्हणजे तुमच्यासाठी जळगाव. धुळे आणि नंदुरबारच्या वाचकांनी आपापल्या जिल्हा आयोगात जावं. कंपनीने आपल्या अटींत कुठल्याही शहराचं नाव लिहिलं, तरी कायद्याने दिलेली ही सोय तेवढ्याने जात नाही, असंच तुम्ही म्हणायचं. अटींमध्ये लवादाचं कलम, म्हणजे वाद न्यायालयाऐवजी खासगी पंचापुढे न्यायची अट, असेल तर त्यालाही घाबरू नका. एमार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलं आहे की लवादाच्या कलमामुळे ग्राहकाची वाट बंद होत नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगात शुल्क नाही.

मसुद्यात एक चूक टाळा. उत्साहाच्या भरात बरेच जण ‘हा अनुचित करार आहे, तो रद्द करा’ अशी मागणी घालतात. अनुचित कराराच्या तक्रारी राज्य आयोगाकडे जातात, जिल्हा आयोगाला तो अधिकार नाही. कंपनीचा वकील पहिला हल्ला तिथेच करेल. तुमची तक्रार ‘सेवेतील त्रुटी’ आणि ‘अनुचित व्यापारी प्रथा’ एवढ्याच शब्दांत ठेवा. मागणी अशी: मुदतीतल्या आठ कपातींचे ३,९९२ रुपये व्याजासह, विलंब माफ झाल्यास पहिले ४९९, मानसिक त्रासाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च. भरपाईचा आकडा लाखात लिहू नका, त्याने तक्रारीचं वजन कमी होतं.

कागद: पासबुकावरची नोंद त्रोटक असते, ती पुरणार नाही. १ जानेवारी २०२४ पासूनचा पूर्ण खातेउतारा शिक्क्यासह घ्या, त्यात प्रत्येक यूपीआय व्यवहाराचा १२ अंकी संदर्भ क्रमांक दिसला पाहिजे. तो मार्चअखेरच्या गर्दीआधी मागा, १ एप्रिलला बँका ग्राहकांसाठी बंद असतात आणि ३ ला गुड फ्रायडे आहे. उताऱ्यावर पैसे घेणाऱ्याचं नाव ॲपपेक्षा वेगळं असू शकतं, कधी ते मधल्या पेमेंट कंपनीचं असतं. सामनेवाला म्हणून वापराच्या अटींच्या शेवटी दिलेलं कंपनीचं पूर्ण नाव घाला, नोंदणीकृत पत्ता कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर मिळेल. नाव चुकलं तर नोटीस परत येते आणि सहा महिने त्यातच जातात. राहत्या पत्त्याचा पुरावा, कंपनीचा ईमेल, स्क्रीनशॉट आणि ते ज्या फोनवरून घेतले त्याबद्दलचं भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडा.

पुढचा वेळ किती? कायदा म्हणतो, २१ दिवसांत दाखल करून घेण्याचा निर्णय, सामनेवाल्याला लेखी जबाबासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५, आणि नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत निकाल. ४५ दिवसांची मर्यादा ओलांडता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये ठरवलं, ती तरी पाळली जाते. तीन महिन्यांचं मात्र तसं नाही. चार हजार रुपयांच्या प्रकरणात तारखांवर तारखा पडाव्यात, याचा मला राग येतो, कारण कंपन्या नेमक्या याच कंटाळ्यावर पैसे कमावतात. दरवेळी जळगावला फेरी मारायची नसेल, तर कलम ३८(६) खाली व्हिडिओद्वारे सुनावणीचा अर्ज तक्रारीसोबतच द्या.

नोटीस पोचल्यावर कंपनीचा माणूस बहुधा फोन करेल आणि पैसे परत देऊ म्हणेल. तोंडी हो म्हणू नका. रक्कम, व्याज आणि खर्च ईमेलवर लिहून मागा. पैसे खात्यात जमा झाले, उताऱ्यावर दिसले, की मगच तक्रार मिटल्याची पुरसीस, म्हणजे तसं लेखी निवेदन, आयोगात द्या.