आधी बॅकग्राउंड काढ

प्रिय मुली,

उपग्रहावरच्या क्ष-किरण दुर्बिणीचा तुझा प्रस्ताव रात्री वाचला आणि सकाळी चहाबरोबर परत वाचला. पहिल्या पानावर न्यूट्रॉन तारे, दुसऱ्यावर कृष्णविवरं, मध्ये आरशाचं रंगीत चित्र आणि शेवटी तुझा प्रश्न: "मावशी, आरसा घेऊ की नुसतं डिटेक्टरचं क्षेत्रफळ वाढवू? सर म्हणतात मोठं कर, मित्र म्हणतात आरसा हवाच." एवढ्या पानांत बॅकग्राउंड हा शब्द एकदाही नाही. म्हणून लिहायला बसले. फोनवर आवाज चढला असता.

आधी बॅकग्राउंड काढ, म्हणजे ताऱ्याकडून न येता डिटेक्टरवर मोजला जाणारा कचरा किती ते. आरसा मग.

क्ष-किरणांत क्रॅब नेब्युला, फुटलेल्या ताऱ्याचा तो ढग, चांगलाच तेजस्वी. तरी २ ते १० केईव्ही (फोटॉनची ऊर्जा मोजायचं एकक) पट्ट्यात त्याच्याकडून एका चौरस सेंटिमीटरवर सेकंदाला तीनेक फोटॉन येतात, बस. तुझा तारा त्याच्या हजारपट मंद धर. मग त्याच चौरस सेंटिमीटरवर साधारण पाच मिनिटांनी एक फोटॉन. तेवढ्या वेळात कॉस्मिक किरण, आकाशभर पसरलेला क्ष-किरणांचा उजेड आणि तुझ्याच यानाच्या भिंतींतून सुटलेले कण डिटेक्टरवर किती वेळा आपटतील? क्षेत्रफळ दुप्पट केलंस तर फोटॉन दुप्पट होतील आणि हा कचराही दुप्पट. आरसा सगळे फोटॉन एका ठिपक्यावर आणतो, त्यामुळे कचरा फक्त त्या ठिपक्यापुरता मोजावा लागतो. आरशाची किंमत आपण त्यासाठी मोजतो. ताऱ्याचा फोटो छान यावा म्हणून नाही!

आता तुझे सर चूक आहेत का? तसंही नाही. २०१५ साली गेलेल्या आपल्या ॲस्ट्रोसॅट या खगोल-उपग्रहावरच्या लॅक्सपीसी या क्ष-किरण उपकरणाला आरसा नव्हताच. झेनॉन भरलेले तीन मोठे काउंटर, आणि प्रत्येक फोटॉनची वेळ १० मायक्रोसेकंदांपर्यंत अचूक. जीआरएस १९१५+१०५ सारखं कृष्णविवर भडकलेलं असताना फोटॉनांचा असा लोंढा येतो की बॅकग्राउंड त्यात कुठच्या कुठे वाहून जातं. तिथे क्षेत्रफळच हवं. पण अंधूक मिलिसेकंद पल्सारची, म्हणजे सेकंदाला शेकडो गिरक्या घेणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्याची, त्रिज्या काढायची असेल तर तोच काउंटर आंधळा. तू दोन्ही एकाच वाक्यात लिहून मोकळी झालीस.

नायसर या क्ष-किरण दुर्बिणीचं बघ. अंतराळ स्थानकावर बसवलेलं, वेळ मोजण्यात एक नंबर, पण त्याला चित्र काढता येत नाही. जे ०७४०+६६२० हा पल्सार, सूर्याच्या दुपटीहून थोडं जास्त वस्तुमान. त्याची त्रिज्या काढताना तारा किती आणि बॅकग्राउंड किती, हे वेगळं करायला चित्र काढणाऱ्या एक्सएमएम-न्यूटन दुर्बिणीचं निरीक्षण सोबत घ्यावं लागलं. जगातली नावाजलेली माणसं जिथे अडतात तिथून तू उडी मारून पुढे गेलीस, आणि वर विचारतेस आरसा केवढा!

डिटेक्टरभोवतीच्या कवचाचंही तेच. अंबडच्या वर्कशॉपमधून ॲल्युमिनियमची पेटी करून घेणार म्हणतेस. ॲल्युमिनियममधून ५० केईव्हीचा फोटॉन विचारतसुद्धा नाही, सरळ आत येतो. भांडी बाजारात तांब्याच्या पातेल्याला आतून कल्हई केलेली पाहिली असशील, तांब्यावर कथील. आपल्या कवचात नेमकं उलटं करतात: बाहेर कथील, आत तांबं. कथील बाहेरचे किरण अडवतं, पण अडवताना स्वतःच २५ केईव्हीचा उजेड सोडतं. तो तांबं गिळतं आणि स्वतःचा ८ केईव्हीचा सोडतं. तोही नको असेल तर त्याच्या आत ॲल्युमिनियमचा पातळ थर दे. तुझी पेटी वाया जाणार नाही, फक्त सगळ्यांत आत जाईल.

कक्षा ध्रुवीय का घेतलीस? "संपूर्ण आकाश दिसावं म्हणून." अगं, यान वळवता येतं! ॲस्ट्रोसॅट आणि २०२४ मधला आपलाच क्ष-किरण उपग्रह एक्स्पोसॅट, दोन्हींच्या कक्षा ६५० किलोमीटरवर, विषुववृत्ताला जेमतेम ६ अंश कललेली. दक्षिण अटलांटिकवर पृथ्वीच्या चुंबकत्वात अडकलेल्या, बॅकग्राउंड वाढवणाऱ्या प्रोटॉनांचा पट्टा अशा कक्षेत फक्त कडेकडेने लागतो. आणि आरसा घेतला की सुटलो, असंही समजू नकोस. १९९९ मध्ये चंद्रा ही क्ष-किरण दुर्बीण गेली, तिच्या देखण्या आरशांनी किरणोत्सर्गी पट्ट्यातले प्रोटॉनही इमानेइतबारे कॅमेऱ्याच्या सीसीडी चिपांवर आणून ठेवले. काही सीसीडींची हानी झाली ती झालीच. तेव्हापासून पट्टा ओलांडताना तो कॅमेरा बाजूला सरकवतात.

आमच्याही एका प्रस्तावात मी बॅकग्राउंडचा हिशेब पहिल्या पानावर मांडला होता. एक साहेब म्हणाले, हे नंतर बघू, आधी क्षेत्रफळ वाढवा. मी अडून बसले. प्रस्ताव कपाटात गेला. सोबतचे लोक दुसऱ्या उपकरणांवर गेले, त्यांची उडाली. माझ्या हाताखालचं एकही उडालं नाही याचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू. हट्टी बाई म्हणून नाव झालं ते वेगळंच. पण तो हिशेब अजून माझ्याकडे आहे आणि तो बरोबर आहे. कुणी मागितला तर दाखवीन. अजून कुणी मागितलेला नाही.

पुण्याची सॉफ्टवेअरची नोकरी घेऊ का, हे आईला विचार. मला त्यातलं कळत नाही.

रविवारी ये. एकच तारा निवडून ये, दोन नकोत. त्याचा फ्लक्स (चौरस सेंटिमीटरवर सेकंदाला किती फोटॉन), किती तास बघणार, आणि बॅकग्राउंड, एवढंच एका कागदावर. ते जमलं तर आरसा की क्षेत्रफळ, हे मला विचारायची वेळ येणार नाही. मग मिसळ खायला जाऊ. सरांना आणायचं असेल तर जरूर आण, पण मी गप्प बसणार नाही हे त्यांना आधी सांगून ठेव.

तुझी,
मावशी
नाशिक