संशोधनाचा पेपर छापून आला, आता पुढे?

अभिनंदन! पण तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना अख्खी पीडीएफ पाठवू नकोस, कोणी उघडत नाही. (मीही पाठवायचो.) मराठीत एकच पान दे: काय बदलायचं, कोणी करायचं, खर्च किती. त्याआधी एक दिवस आशाताईंबरोबर (गावातल्या आरोग्य कार्यकर्त्या) फिर. पिशवीतून वजनकाटा काढून झोळी अडकवेपर्यंत, रडणारं बाळ शांत होईपर्यंत किती वेळ जातो ते बघ. तुझ्या फॉर्मातले निम्मे रकाने तिथेच गळतील.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला शिकवलं. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले: नवजात मृत्युदरात सुमारे ६२ टक्के घट. तरी आशांच्या गृहभेटी देशभर सुरू व्हायला २०११ उजाडलं!

आणि हो, पीआयपी (आरोग्य विभागाचा वार्षिक कामाचा आणि खर्चाचा आराखडा) ठरायच्या आधी जा. मार्चअखेरीला कोणाला मान वर करायला सवड नसते.