आइसलँडच्या लॉयगावेगुर ट्रेकला गाइड घ्यावा का?

पहिल्यांदाच जात असाल तर घ्याच. लांडमानालॉयगार ते थोर्स्मोर्क ही सुमारे ५५ किमीची वाट, साधारण ४ दिवसांची. सह्याद्रीत नियमित भटकणाऱ्याला चाल जड जाणार नाही, वाटेवर खुणाही आहेत. खरा कस लागतो तो पूल नसलेल्या नद्यांत. पाणी बर्फासारखं गार, पाय बधिर होतात, आणि नेमकं कुठून उतरायचं हे त्या दिवशीच्या पाण्यावर ठरतं. तिथे जाणता माणूस सोबत हवाच. वाटेतल्या ह्राफ्नतिन्नुस्केरच्या उंच पठारावर तर भर जुलैतही बर्फ आणि दाट धुकं असू शकतं. बऱ्याच गाइडेड सहलींत जड सामान गाडीने पुढच्या मुक्कामी पोहोचतं, हे सुख फार मोठं! सुती कपडे अजिबात नकोत, आतून लोकरीचेच घाला.