कॅलिफोर्नियात गाडी घरी आणून आठ दिवस झाले. आता डीलर म्हणतो, लोन झालं नाही, जास्त व्याजाच्या कागदांवर सही करा. बदल्यात दिलेली जुनी गाडीही विकली म्हणतो. काय करू?

नव्या दराला नाही म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. गाडी ठेवता येईल का, हे मात्र तारखेवर ठरतं.

तुम्ही सही केलीत तो लांबलचक कागद म्हणजे बँकेचं कर्ज नव्हे. तो तुमचा आणि डीलरचा हप्त्यांचा करार. डीलर तो मागाहून बँकेला विकतो. बँकेने घेतला नाही, किंवा मनासारख्या भावाने घेतला नाही, की असा फोन येतो. नव्याने आलेल्या, क्रेडिट हिस्ट्री (कर्जफेडीची जुनी नोंद) नसलेल्यांना जास्तच.

करारात 'सेलर्स राइट टू कॅन्सल' (डीलरचा करार रद्द करायचा हक्क) हे कलम शोधा. नेहमीच्या छापील फॉर्ममध्ये सहीपासून १० दिवसांची मुदत असते. तेवढ्यात रद्द केल्याचं कळवलं, अगदी फोनवरूनही, तर गाडी लगेच परत द्यावी लागते. अडून बसलात तर ती उचलून नेण्याचा खर्च तुमच्या माथी. पण "या, एक कागद राहिलाय" म्हणजे रद्द करणं नव्हे. ईमेलवर सरळ विचारा: करार रद्द करताय का, हो की नाही? मुदत उलटली असेल तर जुना करार कायम. त्याच दराने हप्ते भरत राहा.

रद्द झाला तर डाउन पेमेंट आणि जुनी गाडी दोन्ही परत मिळायला हवं. गाडी विकली असेल तर कॅलिफोर्नियाच्या सिव्हिल कोड या कायद्याचं कलम २९८२.७ दाखवा: करारात जुन्या गाडीची लावलेली किंमत किंवा तिचा बाजारभाव, यातली जास्त असेल ती रक्कम, कामकाजाच्या ५ दिवसांत. "विकली, आता काय करणार" हा तुम्हाला नव्या सहीकडे ढकलायचा डाव असतो.

नवी अट पटलीच, तर नव्या करारावर आजचीच तारीख मागा. मागची तारीख टाकली की तो करार नसतानाच्या दिवसांचंही व्याज त्यात शिरतं.

बँकेने खरंच नकार दिला असेल तर ३० दिवसांत लेखी नोटीस यायला हवी. ती मागा.

परत देताना ओडोमीटरचे आणि चारी बाजूंचे फोटो काढा, तारीख-वेळ घातलेली पोच घ्या. पोच हातात पडेपर्यंत इन्शुरन्स बंद करू नका. पैसे अडवले तर डीएमव्हीच्या (राज्याच्या मोटार वाहन खात्याच्या) तपास विभागाकडे तक्रार करा.