मुलाचा कल मोडून सायबर योद्धा घडत नाही

सप्रेम नमस्कार.

फोंड्याहून लिहिलेले आपले पत्र काळजीपूर्वक वाचले. यापुढची युद्धे संगणकावरच लढली जाणार, म्हणून बारावी विज्ञान शाखेतल्या मुलाला आपण ‘सायबर योद्धा’ घडवणाऱ्या एका खासगी सहामाही अभ्यासक्रमात घालायचे ठरवले आहे आणि आगाऊ रक्कमही भरली आहे. त्याला स्वतःला इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग करायचे आहे, हे मात्र आपल्या एवढ्या लांब पत्रात एकाच ओळीत आणि तेही ‘त्याचा हट्ट’ म्हणून आले आहे. मला चिंता वाटते ती या ओळीची. चवथीला गणपतीवरच्या फळाफुलांच्या माटोळीभोवतीची रोषणाई तोच जोडतो आणि शेजाऱ्यांच्या विहिरीवरचा पंप बिघडला की त्यालाच बोलावणे येते, असे आपणच लिहिता. इतका स्पष्ट कल फार थोड्या मुलांत दिसतो, आणि फी भरली म्हणून तो मोडण्याचा अधिकार पालकांना मिळत नाही.

सायबर युद्ध हे फक्त संगणकवाल्यांचे काम, हा आपला समज तर मुळातच चुकीचा आहे. २३ डिसेंबर २०१५ रोजी पश्चिम युक्रेनमधील वीज कंपन्यांवर हल्ला झाला, तेव्हा नियंत्रण कक्षातील कर्मचाऱ्यांच्या डोळ्यांदेखत पडद्यावरचा कर्सर आपोआप फिरून वीजप्रवाह तोडणारे ब्रेकर एकामागून एक उघडत गेला आणि सुमारे सव्वादोन लाख ग्राहक अंधारात गेले. सुरुवात कित्येक महिने आधी आलेल्या एका ई-मेलच्या जोडपत्रातून झाली होती, हे खरे. परंतु काही तासांत वीज परत आली ती कर्मचाऱ्यांनी सबस्टेशनांवर जाऊन ब्रेकर हाताने पुन्हा जोडले म्हणून. २०१७ साली युक्रेनमध्येच हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमधून पसरलेल्या ‘नॉटपेट्या’ या घातक प्रोग्रॅमने न्हावाशेव्यातील एका कंटेनर टर्मिनलचेही काम अडवले. वीजजाळे, बंदरे आणि कारखाने हीच लक्ष्ये असतील, तर रिले (बिघाड ओळखून ब्रेकर उघडायला लावणारे उपकरण) आणि स्काडा (दूरवरची यंत्रे संगणकावरून चालवणारी यंत्रणा) आतून जाणणारा इंजिनिअर संरक्षणाच्या पहिल्या फळीत असतो, आणि ते ज्ञान सहा महिन्यांत देतो म्हणणारी संस्था आपली फसवणूक करत आहे, असे मी स्पष्टच सांगतो.

लष्करी वाट हवी असेल, तर यूपीएससीची एनडीए परीक्षा आहे, आणि जेईई मेनमधील क्रमांकावर नौदलाची बी. टेक. प्रवेश योजनाही आहे.

त्याला फर्मागुडीच्या गोवा अभियांत्रिकी महाविद्यालयात इलेक्ट्रिकलचा अर्ज भरू द्या. तिथे पॉवर सिस्टीम प्रोटेक्शन शिकत असतानाच त्याने नेटवर्किंग आणि लिनक्स ही संगणकप्रणाली हाताळायला घ्यावे. पुढे तपासाच्या बाजूची ओढ वाटली, तर राष्ट्रीय फॉरेन्सिक सायन्सेस विद्यापीठाचे संकुल आपल्या फोंड्यातच आहे. आगाऊ रक्कम परत मिळावी म्हणून त्या संस्थेला याच आठवड्यात लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. ती परत मिळाली नाही, तरीही इलेक्ट्रिकलचा अर्ज भराच.