फराळाच्या व्यवसायासाठी घरचे इन्स्टाग्राम अकाउंट सार्वजनिक करावे का?

तुम्ही लिहिले आहे की आजवर नातेवाईक आणि मैत्रिणींपुरते खासगी ठेवलेल्या इन्स्टाग्राम अकाउंटवरूनच यंदा दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घ्यायचा विचार आहे. ते सार्वजनिक केल्याशिवाय नवे गिऱ्हाईक येणार नाही असे तुम्हाला वाटते, तर त्यात मुलांचे फोटो आहेत अशी तुमच्या पतींची हरकत आहे. दोघांचेही म्हणणे बरोबर आहे, आणि म्हणूनच जुने अकाउंट आहे तसे खासगी ठेवून व्यवसायासाठी दुसरे काढावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मी छोट्या व्यावसायिकांसाठी सोशल मीडियाचे काम करते आणि गृहोद्योग करणाऱ्या बहुतेक जणी मला पहिल्याच भेटीत हेच विचारतात.

व्यवसायाच्या बाजूने पाहिले तर निवड करायला फारशी जागाच नाही. इन्स्टाग्रामवर बिझनेस प्रकारचे अकाउंट खासगी ठेवताच येत नाही. साधे अकाउंट खासगी ठेवून विक्री करायची म्हटली, तर एखाद्या गिऱ्हाइकाने तुमच्या चकलीची रील हौसेने स्टोरीला लावली तरी तुम्हाला फॉलो न करणाऱ्या तिच्या मैत्रिणींना ती दिसत नाही. शेजारच्या सोसायटीतून येणारी ऑर्डर नेमकी तिथेच अडते.

मात्र जुने अकाउंट सार्वजनिक केले की केवळ यापुढच्या नव्हे, तर पहिल्या दिवसापासूनच्या सगळ्या पोस्ट कोणालाही दिसू लागतात, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. शाळेच्या पहिल्या दिवशी फाटकापाशी काढलेला मुलाचा फोटो घ्या. गणवेशावरच्या बिल्ल्यावर शाळेचे नाव असते, मागे रिक्षाचा क्रमांक दिसतो, खाली कौतुकाने इयत्ता आणि तुकडी लिहिलेली असते, आणि वाढदिवसाच्या पोस्टमुळे जन्मतारीखही कळते. यातले काहीच एकेकटे धोक्याचे नाही, पण अनोळखी माणसाला ते सगळे एका बैठकीत जुळवता येते. शिवाय सार्वजनिक पोस्ट आपली एआय मॉडेल घडवण्यासाठी वापरल्या जातात, हे इन्स्टाग्रामच्या मालक मेटा कंपनीने स्वतःच सांगितले आहे. आपल्याकडच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानेही, व्यक्तीने स्वतःहून सार्वजनिक केलेली माहिती आपल्या कक्षेबाहेर ठेवली आहे. म्हणजे आपण होऊन उघड केलेल्या माहितीसाठी या कायद्याकडे बोट दाखवता येत नाही.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण मला जास्त महत्त्वाचे वाटते, ते सांगते. खासगी अकाउंट कितपत खासगी आहे, हे त्या सेटिंगवर नव्हे तर फॉलोअर्सच्या यादीवर ठरते. लग्नाच्या मांडवात जसे कोण कोणाकडचा हे कोणी विचारत नाही, तशीच वर्षानुवर्षे आलेली प्रत्येक विनंती आपण स्वीकारत जातो. ती यादी एकदा निवांत बसून वाचा आणि ज्यांचा चेहरा आठवत नाही त्यांना काढून टाका. काढल्याची सूचना त्यांना जात नाही. यादीत राहिलेल्यांपैकी कोणीही स्क्रीनशॉट काढू शकतो, त्यावर मात्र कोणत्याही सेटिंगचा इलाज नाही. प्रोफाइलचा फोटो, नाव आणि परिचयाच्या ओळी खासगी अकाउंटवरही सर्वांना दिसतात, त्यामुळे तिथे मुलांचा फोटो किंवा सोसायटीचे नाव ठेवू नका.

घरच्या पोस्ट अर्काइव्हमध्ये टाकून, म्हणजे न पुसता इतरांपासून लपवून, जुनेच अकाउंट उघडावे, असे सुचवणारेही भेटतील. ते शक्य आहे, पण त्यानंतर प्रत्येक फोटो टाकताना हा घरचा की दुकानाचा, असा विचार करत बसावे लागते आणि सणाच्या धांदलीत तेवढे भान राहत नाही. फॉलोअर्स शून्यापासून जमवावे लागतील ही तुमची भीती मात्र खरी आहे. त्यासाठी जुन्या अकाउंटच्या स्टोरीवर नव्याचे नाव दोन-चारदा द्या. ज्यांना फराळात रस आहे ते येतील, आणि बाकीच्यांचा आकडा तसाही ऑर्डरी देत नव्हता.

नव्या अकाउंटवर घरचा मोबाइल क्रमांक देऊ नका, व्हॉट्सअॅप बिझनेससाठी वेगळे सिमकार्ड घ्या. पॅकिंगच्या रील करताना ओट्यावर ठेवलेल्या खोक्यांकडे आधी पाहा. कुरिअरच्या चिठ्ठीवर गिऱ्हाइकाचे नाव, पत्ता आणि फोन ठळक वाचता येतो, आणि अनारशांवर नजर असलेल्या आपल्याला तो दिसत नाही.

अमेरिकेला शिकायला निघालेल्या भाच्याला सगळी अकाउंट सार्वजनिक करायला सांगितले आहे, मग आपण खासगी ठेवून काय उपयोग, असेही तुम्ही विचारले आहे. ती अट खरी आहे. जून २०२५ पासून एफ, एम (विद्यार्थी) आणि जे (देवाणघेवाण कार्यक्रम) व्हिसाच्या अर्जदारांना, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून एच-१बी (नोकरी) आणि एच-४ (त्यांचे कुटुंबीय) च्या अर्जदारांनाही तशी सूचना आहे. ती अर्जदारापुरती आहे, त्यामुळे तुमचे अकाउंट उघडण्याचे कारण नाही. पण गणपतीत त्याने स्वतःच्या अकाउंटवर टाकलेले तुमच्या मुलांचे फोटो आता सर्वांना दिसतील. त्याच्याशी आजच बोला. अर्जाच्या काळात पोस्ट काढून टाकाव्यात की नाही, हे त्याचे त्याने व्हिसाच्या सल्लागाराला विचारून ठरवावे. यापुढे मात्र मुलांचे फोटो टाकू नयेत, एवढे त्याला सांगता येईल.

फराळाची विचारणा नवरात्रातच सुरू होते. तेव्हा नवे अकाउंट त्याच्या महिनाभर आधी काढा, आणि पहिल्या ऑर्डरीपूर्वी निदान पदार्थांचे फोटो, दर आणि घरपोच कुठवर देता, एवढे तरी त्यावर असू द्या.